चवथीच्या सुमारास ठोकळ्यातून क्रोमियम का निघते: एक समस्या निवारण

तक्रार थोडक्यात अशी. मे महिन्यात ओतलेले जिओपॉलिमरचे (सिमेंटऐवजी राख, स्लॅग आणि कॉस्टिकने बांधलेले) ठोकळे लीचिंगच्या, म्हणजे ठोकळ्यातून पाण्यात काय झिरपते ते पाहण्याच्या, चाचणीत व्यवस्थित पास होतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओतलेले, त्याच साच्यातले आणि त्याच प्रमाणाचे ठोकळे चवथीच्या सुमारास तपासायला घेतले की पाण्यात क्रोमियम दिसते. दिवाळीनंतर ओतलेले पुन्हा चांगले निघतात. पुढच्या पावसाळ्यात परत तेच. आमच्याकडे हे सलग तीन वर्षे झाले. गोव्यात डिचोली-सत्तरीत आणि फोंड्याच्या बाजूला राख, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) आणि प्लेटिंगचा (धातूवर मुलामा देण्याच्या कामाचा) गाळ घेऊन प्रयोग करणाऱ्या काही जणांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून जे सापडले ते सविस्तर लिहितो.

आमचे मिश्रण साधे आहे. गोव्यात कोळशावरचे वीज केंद्र नाही, त्यामुळे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची उडती राख) घाटापलीकडून आणावी लागते, आमची रायचूरकडची. स्लॅग इथलाच, पिग आयर्नच्या भट्टीचा, दळलेला. भरीला खाणीवरचा बारीक टाकाऊ गाळ. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचे द्रावण. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो एका प्लेटिंग युनिटच्या ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करण्याच्या संयंत्राचा) गाळ, कोरड्या भुकटीच्या ५ टक्के. या गाळात क्रोमियम, निकेल, जस्त आणि थोडे शिसे असते.

पहिली दोन वर्षे आम्ही पावसालाच दोष देत राहिलो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ठोकळे उघड्यावर असले की धुऊन निघणारच, अशी आमची समजूत. म्हणून कॉस्टिक वाढवले, क्युरिंगचा (ओतलेला ठोकळा पक्का होऊ देण्याचा) वेळ वाढवला. ठोकळे आणखी कणखर झाले, दाबयंत्राखाली उत्तम आकडे आले, आणि क्रोमियम होते तिथेच राहिले. इथेच थांबून विचार करायला हवा होता. ठोकळ्याची ताकद ही त्याच्या सांगाड्याची गोष्ट आहे. धातू त्या सांगाड्यात अडकला की नुसताच त्याच्या छिद्रांतल्या पाण्यात बसून आहे, हे दाबयंत्र सांगू शकत नाही.

डोळे उघडले ते एका रांगेमुळे. शेडच्या पागोळ्यांखाली आम्ही मेचे आणि जुलैचे ठोकळे शेजारी शेजारी मांडले होते. दोन्हींवर तेच पाणी, तितकेच दिवस. तपासले तर मेचे स्वच्छ आणि जुलैचे नापास. म्हणजे ओतल्यानंतर पावसाने काही बिघडवले नव्हते. जे बिघडले ते ओतण्याच्या आधी.

आता थोडे रसायन सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय नुसते पाठांतर होतील. जिओपॉलिमर हे नाव १९७०च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी दिले. राखेतले सिलिका आणि अ‍ॅल्युमिना तीव्र कॉस्टिकमध्ये विरघळतात आणि एकमेकांना जोडून जाळे विणतात. या जाळ्यात जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियम चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसतो, तिथे एक ऋण भार शिल्लक राहतो. तो भागवायला सोडियम येतो, आणि सोडियमच्या जागी शिशासारखा धन भाराचा धातूही येऊ शकतो. काही धातू अल्कलीत हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात आणि जाळे त्यांच्याभोवती घट्ट होते. शिसे तर सिलिकेटशी बांधले जाते. हे सगळे चांगलेच आहे, पण ते धन भाराच्या धातूंसाठी.

क्रोमियमची मात्र दोन रूपे. प्लेटिंगवाले त्यांना हेक्झा आणि ट्राय म्हणतात, तेच शब्द मी वापरतो. ट्राय क्रोमियम धन भाराचे. हायड्रॉक्साइड होऊन बसते आणि अडकते. हेक्झा क्रोमियम अल्कलीत क्रोमेट बनून फिरते, आणि क्रोमेटवर ऋण भार असतो. जाळे ऋण, क्रोमेटही ऋण. त्याला धरणार कोण? ठोकळा कितीही कणखर असला तरी क्रोमेट छिद्रांतल्या पाण्यातून वाट काढत बाहेर येते. आणि कर्करोगाला कारणीभूत ठरणारे तेच आहे.

प्लेटिंगचा गाळ ईटीपीतून निघतो तेव्हा त्यातले क्रोमियम, काम नीट झाले असेल तर, ट्राय झालेले असते. मग जुलैत हेक्झा आले कुठून?

उत्तर पत्र्याच्या ट्रेमध्ये होते. उन्हाळ्यात आम्ही गाळाचा केक (पाणी दाबून काढलेला ओला गोळा) पसरून उन्हात वाळवायचो. जूनपासून ऊन नाही आणि हवा इतकी दमट की केक आठवडाभर चिखलच राहायचा. आमच्या हेल्परला मी विचारले, तर तो सरळपणे म्हणाला, "सर, पावसात तो सुकत नाय. म्हणून ट्रेत घालून बर्नरवर ठेवतो, दोन तासात मोकळा होतो." त्याची काही चूक नव्हती; वाळवून दे एवढेच आम्ही त्याला सांगितले होते, कसे ते कधीच सांगितले नव्हते. मी ट्रे उलटा केला. वरचा गाळ राखाडी-हिरवा, नेहमीसारखा. पण पत्र्याला चिकटलेली खालची खपली खरवडली तर ती पिवळसर होती, हळद सांडल्यासारखी. तो पिवळा रंग क्रोमेटचा.

ईटीपीच्या गाळात चुना असतोच, कारण उदासीनीकरण बहुधा चुन्यानेच करतात. चुन्याच्या सोबतीने, हवेत, दोन-तीनशे अंशांच्या पुढे तापवले की ट्राय क्रोमियम ऑक्सिजन घेऊन परत हेक्झा होऊ लागते आणि कॅल्शियम क्रोमेट तयार होते. बर्नरवरच्या पत्र्याचा तळ तेवढा सहज तापतो. म्हणजे ईटीपीत कुणीतरी खर्च करून जे निर्धोक केले होते, ते आम्ही आमच्याच हाताने पुन्हा विषारी करून ठोकळ्यात घालत होतो. हे कळल्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. नापास ठोकळे आम्ही आत आणून ताडपत्रीखाली वेगळे ठेवले.

तुमच्याकडे हेच होते आहे का, ते पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डायफिनाइल कार्बाझाइड पाव ग्रॅम घेऊन ५० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवा आणि गडद बाटलीत ठेवा. वाळलेला गाळ चमचाभर घ्या, डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास हलवा, गाळून घ्या. गाळलेले पाणी पातळ करून विरळ सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणा, मग वरचे द्रावण काही थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटे थांबा. जांभळा रंग आला तर हेक्झा आहे. आमच्या त्या पिवळ्या खपलीच्या पाण्यात रंग इतक्या झटकन चढला की थेंब खाली पोचायच्या आधीच जांभळी रेघ उमटली. मोजमाप हवे असेल तर हाच रंग ५४० नॅनोमीटरला वाचतात.

या चाचणीत तीन ठिकाणी फसायला होते. ठोकळ्याचे पाणी तपासत असाल तर त्यात सिलिकेट विरघळलेले असते. आम्ल पडताच ते जेलीसारखे गोठते, म्हणून आधी भरपूर पातळ करा. मिश्रणात स्लॅग जास्त असेल तर त्यातले सल्फाइड आम्लात हेक्झाला खाऊन टाकते आणि रंग येतच नाही. तेव्हा रंग नाही म्हणजे हेक्झा नाही, असे समजू नका. आणि ज्या प्लेटिंग लाइनवर सायनाइड वापरतात तिच्या गाळाला, सायनाइड नष्ट केल्याची खात्री असल्याशिवाय, आम्लाचा थेंबही लावू नका. निघणारा वायू माणूस मारतो.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे वाळवणेच बंद करा. केक ओलाच वापरा आणि त्यातले पाणी हिशेबात धरा. १० किलो भुकटीला ५०० ग्रॅम कोरडा गाळ घालायचा आहे आणि केकमध्ये दोन तृतीयांश पाणी आहे, तर दीड किलो केक घ्यावा लागेल आणि त्यासोबत १ किलो पाणी आयतेच येईल. तुमचे एकूण पाणी ३ किलो ठरले असेल तर त्यातला तिसरा हिस्सा इथेच संपला. हे पाणी कॉस्टिकलाही पातळ करते, म्हणून कॉस्टिकचे द्रावण तेवढे तीव्र करून घ्या. ओलावा मोजायला केकचा लहानसा नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, आणि तो नमुना मिश्रणात परत टाकू नका. वाळवल्याशिवाय चालणारच नसेल तर ६० अंशांच्या आत, पंखा लावून, पातळ थरात.

दुसरा उपाय, आणि हा मी आता प्रत्येक बॅचला सक्तीचा केला आहे: कॉस्टिक घालण्याआधी गाळाला हिराकस द्या. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. हेक्झाच्या एका अणूला ट्राय करायला फेरस लोहाचे तीन अणू लागतात. वजनात मांडले तर १ ग्रॅम हेक्झा क्रोमियमला सुमारे १६ ग्रॅम हिराकस. प्रत्यक्षात याच्या दीडपट घ्या, कारण थोडे लोह हवेतच वाया जाते. गाळाचा पातळ कालवण्याएवढा चिखल करा, हिराकस पाण्यात विरघळवून घाला, अर्धा तास ढवळा, मग थोडे पाणी गाळून जांभळ्या रंगाची चाचणी घ्या. रंग येत असेल तर आणखी घाला. रंग बंद झाला की मगच राख, स्लॅग आणि शेवटी कॉस्टिक. क्रम उलटा करू नका. हिराकसचे खडे फिकट हिरवे हवेत. आमच्या हवेत उघड्या पिशवीतले खडे महिनाभरात तपकिरी होतात. तपकिरी झाले म्हणजे त्यांचे काम संपले, ते टाकून द्या. हिराकस भरमसाट घालू नका, सल्फेट जास्त झाले की ठोकळ्यावर मिठासारखे फुटते.

सोडियम सल्फाइडनेही हेक्झा ट्राय होते, आणि अल्कलीत ते छान काम करते. पण ते आम्लाजवळ नेऊ नका. कुजक्या अंड्याचा वास येणारा वायू निघतो, आणि जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे नसते. लहान युनिटमध्ये, जिथे एकच पंखा आणि एकच दार आहे, तिथे मी हिराकसच सुचवतो. स्लॅगमध्ये स्वतःचे सल्फाइड असते, साधारण १ टक्क्याच्या आसपास. स्लॅगचे प्रमाण जास्त असलेला ताजा ठोकळा फोडून बघा, आत निळा-हिरवा रंग दिसेल आणि हवा लागल्यावर काही दिवसांत तो पांढरा पडेल. हा त्याच सल्फाइडचा रंग. त्याची मदत होते, पण फक्त त्याच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

एवढे करूनही क्रोमियम हळूहळू वर चढत असेल तर भरीकडे बघा. हे खास आपल्याकडचे आहे. सांगे-केपे पट्ट्यात, रिवणच्या बाजूला, मँगनीजचे खनिज आहे, आणि खाणीवरच्या टाकाऊ मातीत काळ्या मँगनीज ऑक्साइडचे कण असू शकतात. मँगनीज ऑक्साइड ट्राय क्रोमियमला हेक्झा करू शकते, हे मातीचे रसायन जाणणाऱ्यांना १९७०च्या दशकापासून माहीत आहे. भरीत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर जोरात फेस आला तर मँगनीजचा संशय घ्या. निव्वळ रेतीची भर घालून एक ठोकळा ओता आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना करा. त्याचबरोबर गाळाशिवायचा एक ठोकळाही नेहमी ओतत जा. राखेत स्वतःचे आर्सेनिक, सेलेनियम, व्हॅनेडियम असते. कोरा ठोकळा नसेल तर राखेचा दोष गाळावर जातो.

आता त्या चाचणीबद्दल, कारण तिच्या भरवशावर बरेच जण निर्धास्त आहेत. आपल्याकडे धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत टीसीएलपी ही लीचिंगची चाचणी धरली जाते. नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करून, त्याच्या २० पट द्रावणात, १८ तास फिरवतात. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियमची १, क्रोमियमची ५. द्रावण अ‍ॅसिटिक आम्लाचे. पण जिओपॉलिमरमध्ये आम्ल मारणारे सोडियम किती असते त्याचा हिशेब करा. ठोकळ्यात ८ टक्के सोडियम ऑक्साइड धरले तर किलोमागे सुमारे अडीच मोल आम्ल ते पिऊन टाकू शकते. टीसीएलपीच्या जास्त तीव्र द्रावणात किलोमागे एकूण आम्ल सुमारे २ मोल. म्हणजे ठोकळाच आम्ल संपवू शकतो, आणि १८ तासांनी पाणी ९-१०च्या पीएचवर येऊन थांबू शकते. शिसे आणि जस्त नेमके त्याच पट्ट्यात सर्वांत कमी विरघळतात. चाचणी पास होते, पण ती तुमच्या उरलेल्या कॉस्टिकमुळे. पुढे वर्षानुवर्षे पावसाने सोडियम धुऊन गेले, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली मेली, की तेच शिसे काय करील हे त्या रिपोर्टात नसते.

म्हणून लॅबकडून रिपोर्ट घेताना शेवटच्या पाण्याचा पीएच लिहून मागा. आमच्या पहिल्या लॅबने तो कधी लिहिलाच नव्हता, आणि आम्हीही मागितला नव्हता. शक्य असेल तर वेगवेगळ्या पीएचला घेतलेले लीचिंग करून घ्या, अमेरिकन पद्धतीत ती १३१३ क्रमांकाची चाचणी. आणि अख्खा ठोकळा टाकीत बुडवून ठराविक दिवसांनी पाणी बदलण्याची १३१५. ती २ तासांपासून सुरू होऊन ६३ दिवसांपर्यंत चालते. या दुसऱ्या चाचणीला खरे तर फक्त एक बादली, झाकण आणि चिकाटी लागते. विश्लेषण बाहेरून करून आणता येते.

पावसाळ्यातल्या बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. ठोकळा दोन-दोन दिवस घट्टच होत नसेल तर जस्ताचा संशय घ्या. जस्त सेटिंग लांबवते, विशेषतः स्लॅगच्या मिश्रणात. गाळाचे प्रमाण निम्मे करून बघा. एखादी बॅच मऊ, एखादी चांगली, असे होत असेल तर कॉस्टिकच्या फ्लेक्सची गोण बघा. उघडी राहिलेली गोण आपल्या हवेत पाणी ओढते आणि कार्बोनेट होत जाते, मग ४०० ग्रॅम वजन केले तरी ते ४०० ग्रॅम कॉस्टिक नसते. दर बॅचला टायट्रेशन करा, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने घालून कॉस्टिक मोजा. आणि १० मोलर म्हणजे ४०० ग्रॅम घालून एकूण द्रावण १ लिटर. १ लिटर पाण्यात ४०० ग्रॅम नव्हे. ही चूक मी शिकलेल्या माणसांकडूनही पाहिली आहे. फ्लेक्स पाण्यात टाकायचे, पाणी फ्लेक्सवर नाही, आणि गॉगल लावल्याशिवाय कुणालाही जवळ उभे करू नका.

ठोकळ्यावर पांढरी बुरशीसारखी लव आली तर ती बुरशी नाही, सोडियम कार्बोनेट आहे. विरळ आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. जास्तीचे सोडियम बाहेर येते आहे असा तिचा अर्थ, आणि ज्या वाटेने सोडियम बाहेर येते त्याच वाटेने क्रोमेटही येते. कॉस्टिक कमी करा, पाणी कमी करा, साचे प्लास्टिकने बंद करून ६० ते ८० अंशांवर २४ तास क्युरिंग करा.

आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम असलेला गाळ माझ्याकडे आला तर मी तो परत पाठवतो. हेही क्रोमेटसारखेच ऋण भाराने फिरतात, आणि त्यांच्यावर हिराकसएवढा सोपा उपाय माझ्याजवळ नाही. तसला गाळ पिसुर्ल्याच्या धोकादायक कचऱ्याच्या सुविधेकडेच जावा.

आणि परवानगीचे विसरू नका. धोकादायक कचरा वापरून काही बनवायचे तर २०१६च्या नियमांतल्या नियम ९ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते, प्रयोगाचे ठोकळे असले तरी आधी विचारून घ्या. एका ओळखीच्या बागायतदाराने माझ्याकडे कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पाटाला लावायला ठोकळे मागितले होते, चिऱ्यापेक्षा (जांभ्या दगडापेक्षा) स्वस्त पडतील म्हणून. मी नाही म्हणालो. आपली चिऱ्याची जमीन चाळणीसारखी आहे, वर पडलेले पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. आमचे ठोकळे सध्या शेडच्या आतल्या फरशीखाली आहेत, छपराखाली, आणि त्यांच्या खालच्या चरातले पाणी दर महिन्याला एका बाटलीत भरून मी जांभळ्या रंगासाठी तपासतो.